आमच्यावरची पुस्तकं आमच्यापर्यंत येऊ द्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ,
प्रभादेवी, मुंबई.



हे पत्र दिघाशीहून लिहितो आहे. भिवंडी तालुक्यात, अंबाडीच्या बाजूचं हे गाव. भिवंडी म्हटलं की बाहेरच्यांना यंत्रमाग आठवतात, दंगली आठवतात आणि हल्ली गोदामं. आम्ही त्या भिवंडीच्या परसातले. भाताची खाचरं, वीटभट्ट्या, वाड्यांवरचे वारली-कातकरी, आणि सकाळी डबा घेऊन गोदामांकडे निघणारी पोरं, असा आमचा मुलूख आहे.

मी निवृत्त शिक्षक. दोन लोखंडी कपाटं आणि एक सतरंजी एवढ्यावर आम्ही काहीजण एक वाचनकट्टा चालवतो. नोंदणी नाही, अनुदान नाही, त्यामुळे सरकारदरबारी तक्रार करायचीही सोय नाही. रविवारी संध्याकाळी दहा-पंधराजण जमतात. ज्यांना वाचता येतं ते वाचतात, बाकीचे ऐकतात. ऐकणारेच जास्त प्रश्न विचारतात, हा माझा चाळीस वर्षांचा शाळेतलाही अनुभव आहे.

मागच्या उन्हाळ्यात भाच्याने शहरातून एक इंग्रजी पुस्तक आणून दिलं. निखिल आनंद यांचं ‘हायड्रॉलिक सिटी’. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या प्रकाशनाने २०१७ साली काढलेलं. मुंबईत पाणी कोणाला, किती, कसं मिळतं आणि त्यासाठी वस्तीतल्या माणसाला काय काय करावं लागतं, याचा हा अभ्यास. पाणी सोडणारे चावीवाले, खात्याचे इंजिनिअर, नगरसेवकाच्या दारातल्या खेपा, आणि गळती. गळतीवर इतकं बारकाईने कोणी लिहू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. मी रोज थोडं वाचायचो आणि रविवारी कट्ट्यावर मराठीत सांगायचो.

तिसऱ्या रविवारी एका बाईंनी मध्येच विचारलं, “गुरुजी, आपल्या व्हॉल्व्हचं काही आलंय का त्यात?”

अध्यक्ष महोदय, हा व्हॉल्व्ह काय ते तुम्हाला सांगायला हवं. तानसा, वैतरणा, भातसा ही सगळी धरणं आमच्या ठाणे-पालघर-नाशिककडच्या डोंगरांत. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय. भातसेचं पाणी पिशाला उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात, आणि ही दोन्ही ठिकाणं आमच्या तालुक्यात. माणूस आत उभा राहील अशा नळवाहिन्या आमच्या शेतांच्या कडेने शहराकडे जातात. मार्च उलटला, विहिरीने तळ दाखवला, की या नळांच्या व्हॉल्व्हपाशी हंडे दिसू लागतात. व्हॉल्व्ह थोडा पाझरतो, त्याच्याखाली दगड रचून केलेल्या खळग्यात पाणी साठतं, बाया वाटीने ते हंड्यात भरतात. हंडा भरायला अर्धा तास. नंबर लावायला स्वतः उभं राहायचं नाही, कळशी ठेवायची. कळशी कोणाची ते सगळ्यांना माहीत असतं.

मी बाईंना म्हटलं, धरणांच्या मुलखाचा उल्लेख आहे, पण पुस्तकाचा जीव जोगेश्वरीतल्या एका वस्तीत आहे.

“म्हणजे नळाच्या त्या टोकाचं लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “या टोकाचं?”

मी निरुत्तर झालो. पुस्तक वाईट नाही, उत्तमच आहे. पण त्यावरचा सगळ्यात नेमका आक्षेप मला कोणत्या नियतकालिकात वाचायला मिळाला नाही, तो सतरंजीवर बसलेल्या, सही करताना अजून अंगठा चाचपणाऱ्या बाईंकडून मिळाला. आणि तो लेखकापर्यंत पोचायची वाट नाही. या पत्राचं कारण तेवढंच आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या मुलखावर फार चांगली पुस्तकं झाली. लिसा ब्यॉर्कमन यांनी मुंबईच्या नळांवरच २०१५ साली ‘पाइप पॉलिटिक्स, कंटेस्टेड वॉटर्स’ लिहिलं. डग्लस हेन्स यांनी २०१२ साली केम्ब्रिजकडून ‘स्मॉल टाउन कॅपिटॅलिझम इन वेस्टर्न इंडिया’ काढलं, त्यात १८७० ते १९६० या काळात छोट्या शहरांतला हातमाग विजेवर कसा आला, विणकर, व्यापारी, सावकार कसे बदलले, याची हकीगत आहे आणि भिवंडी त्यात ठळकपणे आहे. सई बालकृष्णन यांच्या २०१९ च्या ‘शेअरहोल्डर सिटीज’मध्ये मुंबई-पुणे पट्ट्यातल्या जमिनी शेताच्या कशा प्लॉटच्या झाल्या आणि काही शेतकरी थेट भागधारक कसे झाले ते आहे. आता समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यात आमण्याला येऊन टेकला. २०२५ च्या जूनमध्ये इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्या प्रत्येकाने बालकृष्णन यांचं हे पुस्तक वाचायला हवं, आणि नेमकं त्यालाच ते वाचता येत नाही. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित कलावंत स्त्रियांवर २०२२ साली ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ लिहिलं, २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, आपल्या वर्तमानपत्रांनी फोटो छापले. पवळाबाई, मंगला बनसोडे ही नावं ज्यांना तोंडपाठ आहेत, ज्यांनी जत्रेत रात्र रात्र जागून तमाशा पाहिला, ती माणसं तो फोटो बघून पान उलटतात.

जुनं काढायचं तर डेव्हिड हार्डिमन यांचं ‘द कमिंग ऑफ द देवी’ १९८७ चं. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावर मांगेला मच्छीमारांमध्ये देवी अंगात येऊ लागली, ती डोंगरातल्या आदिवासींपर्यंत पोचली आणि दक्षिण गुजरातभर पसरली. दारू सोडा, रोज आंघोळ करा, पारशी दारूवाल्याकडे कामाला जाऊ नका, असं ती सांगायची. हार्डिमन यांनी त्यात अंधश्रद्धा नाही, आदिवासींची स्वतःची उठावणी पाहिली. मी हे कट्ट्यावर सांगितलं तेव्हा एक वारली आजोबा नुसते हसले आणि म्हणाले, “हे सांगायला एवढं मोठं पुस्तक?” मग थोड्या वेळाने म्हणाले, “पण सांगितलं ते बरं केलं.”

पूर्वी असं नव्हतं, हे तुम्हाला मी सांगावं असं नाही. त्रिंबक नारायण आत्रे महसूल खात्यातले गृहस्थ, त्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला तो मराठीत. दांडेकर आणि जगताप यांनी १९५७ साली ‘महाराष्ट्राची ग्रामीण समाजरचना’ मराठीत दिली. इरावती कर्वे इंग्रजीत जगाशी बोलत होत्या आणि ‘मराठी लोकांची संस्कृती’ आपल्याशी बोलत होती. गोदावरी परुळेकरांनी १९४५ च्या वारल्यांच्या उठावावर १९७० साली ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिलं. ते आधी मराठीत आलं, मग इंग्रजीत गेलं. आमच्या कपाटातली त्याची प्रत इतक्यांच्या हातून गेली आहे की कव्हर तिसऱ्यांदा चिकटवलं आहे. त्याच चळवळीवर अर्चना प्रसाद यांनी २०१७ साली ‘रेड फ्लॅग ऑफ द वारलीज’ लिहिलं. चळवळ तीच आणि माणसंही तीच, फक्त बोलण्याची दिशा फिरली. आधी पुस्तक माणसांकडे तोंड करून बोलायचं, आता माणसांकडे पाठ करून त्यांच्याविषयी बोलतं.

अभ्यासकांना मी दोष देत नाही. नोकरी, बढती, मान, सगळं इंग्रजी छापावर अवलंबून असेल तर कोण मराठीत लिहील? गेल ऑम्वेट यांच्यासारख्या कासेगावला येऊन राहणाऱ्या, सून म्हणून नांदणाऱ्या आणि मराठीतून वाद घालणाऱ्या अभ्यासक शतकात एखाद-दुसऱ्याच. बाजाराला म्हणावं तर बाजार अनुवाद करतोच. हरारींचं ‘सेपियन्स’ मराठीत आहे, एसटी स्टँडवरच्या दुकानातसुद्धा मिळतं. दोन लाख वर्षांपूर्वीच्या माणसाची माहिती भिवंडीत मराठीतून मिळते आणि भिवंडीच्या मागाची मिळत नाही. त्यात विक्रेत्याचं काही चुकत नाही. भिवंडीच्या मागावरचं पुस्तक किती खपेल, हा त्याचा प्रश्न रास्तच आहे. म्हणून तर मंडळ हवं.

आता राबाची गोष्ट सांगतो, कारण मला जे म्हणायचं आहे ते त्यातून नीट कळेल.

इंद्रा मुन्शी सालढाणा यांचा ठाणे जिल्ह्यातल्या पारंपरिक शेतीवरचा एक निबंध १९९० साली ‘जर्नल ऑफ पेझंट स्टडीज’मध्ये आला होता. विषय राब. भाताचं रोप टाकायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, टहाळ, गवत, पालापाचोळा यांचे थर देऊन भाजणी करायची, ही आपल्याकडची चाल. इंग्रजी वनखात्याला वाटायचं की टहाळासाठी झाडं तोडून कुणबी-आदिवासी जंगल संपवतात. त्यावरून इतकी ओरड झाली की ठाणे-कुलाब्यातल्या तक्रारींसाठी १८८५ साली मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं, त्याचा अहवाल १८८७ साली आला. निबंधाचं म्हणणं असं की राब अडाणीपणा नव्हता, इथली माती आणि इथला पाऊस यांचा हिशेब त्यात होता, आणि जंगलावर बंधनं आली तेव्हा त्या हिशेबावरच घाव बसला.

मी हे मराठीत सांगत असताना मागे बसलेल्या दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या. विचारलं तर एक म्हणाली, “राब खतासाठी आणि तण मरायला, हे खरं. पण मोठं कारण राहिलं. भाजलेली माती भुसभुशीत होते. आवणीला रोप उपटताना मूठ सहज निघते, मूळ तुटत नाही. न भाजलेल्या वाफ्यातलं रोप उपटून बघा, दिवसभरात बोटं सोलतात.” दुसरीने भर घातली की राब वाऱ्याच्या उलट तोंडाने पेटवायचा, म्हणजे आग सावकाश सरकते आणि माती खोलवर भाजते. वाऱ्याबरोबर पेटवला तर वरचा पाला भुर्रकन जळून जातो, खाली माती कच्चीच. मग किती वेळ चर्चा चालली ती ऐनाच्या टहाळाची, शेणाच्या राबाची, आता गुरंच कमी झाल्याने शेण कुठून आणायचं याची. एकाने युरियाची बाजू घेतली. त्यावरून वाजलंच.

रोप उपटण्याचं काम बहुतेक बायांचं. म्हणून हे कारण बायांना आधी सुचलं. वनखात्याच्या साहेबाला ते दिसलं नाही, यात नवल नाही. जिथली माणसं वाचू शकत नाहीत अशा भाषेत छापलेलं लिखाण कितीही काळजीपूर्वक केलं तरी त्याला एक परीक्षा चुकते. परदेशी विद्यापीठातले दोन जाणकार हस्तलिखित तपासतात, ते चांगलंच आहे. पण बोटं सोललेली बाई ते तपासत नाही. अध्यक्ष महोदय, मला अनुवाद हवा आहे तो आमचं ज्ञान वाढावं एवढ्यासाठी नव्हे. आम्हाला चुका काढायच्या आहेत.

याला तोड नाही असंही नाही. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी रायगडातल्या कातकऱ्यांच्या वाडीच्या जागेच्या हक्कावर २०१३ साली ‘फायटिंग इव्हिक्शन’ काढलं, ते वाड्यांवर बसून, लोकांबरोबर माहिती गोळा करून आणि तिचा अर्थ लावून. मिलिंद बोकीलांनी कातकऱ्यांवर मराठीतच पुस्तक लिहिलं. माधव गाडगीळांचं आत्मकथन २०२३ साली इंग्रजीत आलं, त्याच सुमाराला मराठीतही आलं, ‘सह्याचला आणि मी’. आमच्या कट्ट्यावर ते चार जणांनी वाचलं आणि चारही जण गाडगीळांशी निरनिराळ्या मुद्द्यांवर भांडतात. पुस्तकाचा याहून मोठा सत्कार मला माहीत नाही.

गाडगीळांचंच नाव निघालं म्हणून सांगतो. पश्चिम घाटावरचा त्यांच्या समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला गेला. तो लोकांसमोर यायला मे २०१२ उजाडला, तोही माहिती अधिकाराचा अर्ज, माहिती आयोग आणि दिल्ली उच्च न्यायालय एवढ्या पायऱ्या चढून. ग्रामसभांना विचारा असं ज्या अहवालाचं सूत्र, तो इंग्रजीत. मधल्या काळात काय झालं? अहवालात काय आहे हे ज्याने त्याने आपल्या सोयीने गावोगाव सांगितलं. घर दुरुस्त करता येणार नाही, गुरं चारता येणार नाहीत, असल्या वावड्या. वाचायला हाती काही नसलं की माणूस ऐकीव गोष्टीवर चालतो, त्याला दुसरा इलाज नसतो.

लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं-प्राणी गावाने टिपायची वही, तिचंही तेच. २००२ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत ती व्हायची होती. वर्षानुवर्षं काही हललं नाही, मग हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, पुढे महिन्याला दहा लाखांचा दंड. घाईघाईत वह्या भरल्या गेल्या. आमच्या भागाबाहेरच्या एका गावची वही मी पाहिली. डोंगरातलं गाव, आणि झाडांच्या यादीत खारफुटी.

लोक म्हणतील, आता मोबाइल अनुवाद करतो, पैसे कशाला घालवायचे. करून पाहिला. एका प्रकरणात ‘कॉमन्स’ असा शब्द होता, यंत्राने ‘सामान्य लोक’ केलं. अख्खा परिच्छेद सामान्य लोकांवर गुरं चारत होता. पाचवीतल्या पोरालाही तिथे गुरचरण म्हणायचं कळलं. दुसऱ्या बाजूला शासनाच्या परिभाषेतलं मराठी. त्याची वेगळीच तऱ्हा. ते वाचून कळण्यासाठी आधी इंग्रजी यावं लागतं. मला दोन्ही नको. गुरचरण, खाचर, राब, कूळ, वरकस, ही नाणी चालणारं मराठी हवं.

मंडळ १९६० साली झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले अध्यक्ष. मंडळाने १९६९ साली महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय काढलं, ते घरोघर गेलं कारण ते स्वस्त होतं. तुमची पुस्तकं शासकीय ग्रंथागारात अजूनही चहा-भजीच्या किमतीत मिळतात, संकेतस्थळावर कित्येक फुकट आहेत. नवलेखकांना तुम्ही अनुदान देता. त्यामुळे माझी मागणी तुमच्या कामाबाहेरची नाही.

वर्षाला दहा पुस्तकं निवडा. महाराष्ट्रातल्या माणसांवर, जमिनीवर, पाण्यावर, जंगलावर, जातीवर, राजकारणावर नुकतीच झालेली. अख्खा अनुवाद नको, त्याला वर्षं लागतात आणि चारशे पानं आमच्याकडेही कोणी वाचत नाही. लेखकाची परवानगी घेऊन शंभर पानांचा मराठी सारांश करा. कोणीही लेखक नाही म्हणेल असं मला वाटत नाही, बहुतेकांना आनंदच होईल. सारांश करणाऱ्याला नीट मानधन द्या, हे काम फुकटात करून घेऊ नका. आणि छापण्याआधी तो ज्या गावाविषयी, वस्तीविषयी आहे तिथे वाचून दाखवा. हार्डिमन पालघरच्या मांगेल्यांपुढे, हेन्स भिवंडीच्या मोमीन विणकरांच्या मोहल्ल्यात, पाईक यांचं पुस्तक तमाशाच्या फडात, बालकृष्णन यांचं समृद्धीत जमीन गेलेल्यांपुढे. तिथे जे बोललं जाईल त्यातलं नेमकं निवडून शेवटची दहा पानं त्याची करा. गावाचं म्हणणं असं त्याला नाव द्या किंवा काहीही द्या. लेखकाला उत्तर द्यावंसं वाटलं तर पुढच्या आवृत्तीत त्याचंही.

कोण वाचणार, हा प्रश्न येईलच. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नाही, पेढे वाटले. अभिजात म्हणजे जुनी, हे ठीक. पण ज्या भाषेत आजचा समाज स्वतःविषयीचा अभ्यास वाचू शकत नाही तिच्या जुनेपणाचं आम्ही दिघाशीत काय करावं? मोमीन मोहल्ल्यात मराठीबरोबर उर्दूतही वाचावं लागेल हे मला ठाऊक आहे, तोही खर्च धरा.

वाचनाची पहिली बैठक आमच्याकडे घ्या, ही विनंती. पुस्तक कोणतंही चालेल, पाण्यावरचं असेल तर उत्तम. जून-जुलैत मात्र येऊ नका, आवणी असते, कोणी भेटणार नाही. दिवाळीनंतर या, भात झोडून झालेलं असतं. अंबाडी नाक्यावर उतरलात की कोणालाही विचारा, रस्ता दाखवतील. सतरंजी आमची, चहा आमचा. व्हॉल्व्हचं विचारणाऱ्या बाई पुढच्या रांगेत असतील.

आपला,
दिघाशीचा एक वाचक
(ता. भिवंडी, जि. ठाणे)